समूहातील राजकीय चर्चा विश्लेषणाकडे कशी वळवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाचा चारेकशे सदस्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात शिक्षक, शेतकरी, वकील, आडत दुकानदार, पुण्याला नोकरीसाठी गेलेली मुले आणि जवळपास सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते आहेत. २०२४ च्या दोन निवडणुका आणि आरक्षणाचे आंदोलन या काळात गटात इतकी उणीदुणी निघाली की जाणती माणसे एकेक करून गट सोडून गेली. शेवटी ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ असा नियम करावा लागला आणि आता गटात शुभ सकाळ, वाढदिवस आणि निधनवार्ता एवढेच उरले आहे. राजकारणावर अलिप्तपणे, विश्लेषणाच्या अंगाने बोलणारा गट उभा करता येतो का, आणि येत असेल तर कसा, असे त्या गटाच्या अ‍ॅडमिननी विचारले आहे. मराठवाड्यातील अशा गटांचे संचालन मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहितो.

असा गट उभा करता येतो. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे तो बंदीचा नियम मागे घ्यावा लागेल. तो निष्पक्ष वाटतो, पण प्रत्यक्षात तसा चालत नाही. पीकविमा, पाणीपाळी, शिक्षकांच्या बदल्या, तालुक्याचा रस्ता यांतले काय राजकारणाबाहेरचे आहे? मग होते असे की आमदारांच्या हस्ते झालेल्या भूमिपूजनाचा फोटो ‘बातमी’ म्हणून चालतो आणि त्याच रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो ‘राजकारण’ म्हणून काढला जातो. सदस्यांना हे लगेच दिसते. अ‍ॅडमिन कोणाचा माणूस आहे याची चर्चा मग गटाबाहेर सुरू होते, आणि त्या चर्चेला उत्तर देण्याची सोय अ‍ॅडमिनकडे राहत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : सदस्यांकडून तटस्थतेची अपेक्षा करू नये. ‘कृपया सर्वांनी पक्षविरहित विचार करावा’ अशी सूचना प्रत्येक गटात एकदा तरी लिहिली जाते आणि तिचा उपयोग कधी झालेला मी पाहिलेला नाही. ज्याचा भाऊ पंचायत समितीला उभा राहिला आहे, ज्याच्या घरात तीन पिढ्या एकाच पक्षाचा झेंडा आहे, त्याने तो झेंडा घरी ठेवून गटात यावे ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय ती थोडी अपमानकारकही आहे. अट माणसावर घालू नये, मांडणीवर घालावी. सदस्य कोणत्याही पक्षाचा असो, त्याने केलेले विधान त्याच्या विरोधी मताच्या सदस्याला तपासून पाहता आले पाहिजे, एवढी एकच अट. ‘सरकारने शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडले’ हे विधान तपासता येत नाही. ‘आपल्या तालुक्यात खरेदी केंद्र सुरू व्हायला उशीर झाला आणि तोपर्यंत निम्मा माल बाजारात गेला होता’ हे तपासता येते, खोडता येते, आणि खरे ठरले तर सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यालाही नाकारता येत नाही. दोन्ही विधाने सरकारविरोधीच आहेत. पहिल्यावर ‘तुमच्या काळात काय झाले’ एवढेच उत्तर संभवते. दुसऱ्यावर मात्र तारखा शोधाव्या लागतात.

हे घडवून आणण्याचे साधन म्हणजे प्रश्न. गटातील बहुतेक भांडणे तीन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतात : काय झाले, का झाले, आणि काय व्हायला हवे. एक जण काय झाले ते सांगत असतो, दुसरा त्यात ‘काय व्हायला हवे’ ऐकतो आणि तिसरा हे बोलण्यामागचा हेतू शोधतो. चर्चा सुरू करताना यांतला कोणता प्रश्न आज घेतला आहे हे अ‍ॅडमिनने एका वाक्यात लिहावे आणि बाकीचे दोन त्या दिवसापुरते बाजूला ठेवावेत. पहिला प्रश्न कंटाळवाणा असतो, त्यावर गर्दी होत नाही. हा त्याचा दोष नव्हे. गर्दी कमी असताना माणसे एकमेकांचे वाचतात.

हे प्रत्यक्षात कसे दिसते याचा एक नमुना देतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी चार हजारांच्या आसपास भाव फुटत होता. नोव्हेंबर सरता सरता एका संध्याकाळी मी चालवत असलेल्या एका गटात संदेश आला, ‘शेतकऱ्याला संपवायचं ठरवलंय यांनी. आता तरी जागे व्हा.’ दोन मिनिटांत उत्तर आले, ‘तुमच्या साहेबांच्या काळात काय सोनं मिळत होतं का?’ इथून पुढे काय होणार हे आपण सगळे जाणतो. मी एवढेच लिहिले : ‘या आठवड्यात ज्यांनी सोयाबीन विकले त्यांनी आडतीची पट्टी (विक्रीची पावती) टाकावी. नाव झाकावे, बाजार, तारीख, ओलावा आणि भाव दिसू द्यावा. तोपर्यंत कारणांवर कोणी लिहू नये.’ रात्रीपर्यंत लातूर, उदगीर, अंबाजोगाई, परळी अशा बाजारांतल्या पट्ट्या आल्या. पहिली गोष्ट जी सगळ्यांना दिसली ती अशी की भावातला फरक एकाच बाजारात, एकाच दिवशीही बराच होता आणि त्यातला मोठा भाग ओलाव्याचा होता. ‘आम्हाला चार हजारही मिळाले नाहीत’ म्हणणारा आणि ‘मला तर साडेचारच्या जवळ मिळाले’ म्हणणारा, दोघेही खरे बोलत होते. दोघांनीही त्याआधी एकमेकांना खोटे ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी ‘का’ हा प्रश्न घेतला. हमीभावाने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, पण तोवर गरजवंतांचा माल विकला गेला होता, हा मुद्दा विरोधी पक्षाच्या एका कार्यकर्त्याने मांडला आणि तो कोणाला खोडता आला नाही. मग तेल गिरणीशी संबंध असलेल्या एका सदस्याने लिहिले की सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण अठरा-वीस टक्केच असते, बाकी पेंड. त्यामुळे सोयाबीनचा भाव पेंडीच्या भावावर चालतो, आणि त्या वर्षी ब्राझील-अमेरिकेच्या मोठ्या पिकामुळे जगभर पेंडीचा भाव पडला होता, शिवाय इथेनॉल कारखान्यांतून मक्याचा आणि तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला होता. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले होते. सत्ताधारी बाजूचे सदस्य हे शुल्क ‘सरकारने केले ना’ म्हणून पुढे करत होते. पेंडीचे गणित समोर आल्यावर त्यांच्यातल्याच एकाने विचारले की तेल महाग झाले तरी पेंड स्वस्तच राहिली तर दाण्याचा भाव किती वाढेल? हा प्रश्न विश्लेषणाचा आहे. तो विचारणारा माणूस त्या दिवशीही त्याच पक्षाचा होता, आजही आहे.

तिसऱ्या दिवशी ‘काय व्हावे’ यावर मतभेद झालेच. कोणाला सरकारी खरेदी लवकर आणि जास्त केंद्रांवर हवी होती, कोणाला भावातला फरक थेट खात्यात हवा होता, एका निवृत्त शिक्षकांना पेंडीच्या निर्यातीला मदत हवी होती. हे मतभेद पक्षांच्या रेषेवर पडले नाहीत, हे मला सर्वांत समाधानकारक वाटले. ते पक्षांच्या रेषेवर पडले असते तरी हरकत नव्हती. तोपर्यंत सगळे एकाच वस्तूबद्दल बोलत होते.

अर्थात सोयाबीन सोपे आहे. त्यात सगळ्यांचा खिसा एका बाजूला आहे. विरोधकाची बाजू समजून घेण्याचा सराव करायचा तर नगर-नाशिककडच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात पाणी सोडण्याचा वाद घ्यावा. इथे गंमत अशी की आपल्या गटातले सगळे पक्ष एकाच बाजूला आहेत, आणि दुसरी बाजू नगर-नाशिककडे आहे, म्हणजे गटात नाहीच. नेमके म्हणूनच हा विषय सरावाला चांगला. आपल्या परंपरेत वाद घालताना आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त आहे : समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की त्याने स्वतः ते ऐकून मान डोलवावी, आणि मगच उत्तर द्यायचे. गटातल्या चार-पाच जणांना सांगावे की वरच्या धरणांतून पाणी सोडू नये ही बाजू नगरच्या शेतकऱ्याच्या जागी बसून लिहा.

त्यासाठी आधी तथ्ये लागतात. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. राज्य सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये त्यासाठी सूत्र सुचवले, ज्यात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरून पाणी सोडण्याचा विचार व्हावा असे होते. प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. २०२३ च्या दुष्काळी वर्षात वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. आता पूर्वपक्ष लिहायला बसलेल्या माणसाला काय काय सापडते पाहा : नदीपात्रातून येताना पाण्याची तूट मोठी होते, जलाशय उथळ आणि पसरट असल्याने बाष्पीभवन खूप आहे, आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस आहेच. एका सदस्याने हा शेवटचा मुद्दा लिहून खाली टिपले होते, ‘हे लिहिताना माझ्याच शेतातला ऊस आठवला.’ त्यानंतर तो मराठवाड्याच्या हक्काचे उत्तर लिहिण्यास बसला आणि ते आधीपेक्षा कितीतरी बळकट झाले, कारण त्यात ‘नगरवाले पाणी चोरतात’ हे वाक्य राहिले नव्हते. कायद्याचे कलम, धरणांतील साठ्यांचे आकडे आणि पिण्याच्या पाण्याचा अग्रक्रम होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हा दाखला भावनेचा म्हणून वापरण्याऐवजी, मांजरा आणि ऊर्ध्व गोदावरी ही दोन वेगळी उपखोरी आहेत आणि जायकवाडीचे पाणी लातूरला त्या वेळी आपोआप आले नसते, इथपर्यंत विचार त्यानेच नेला. आपल्याच बाजूच्या लाडक्या दाखल्याला असे तपासता येणे ही त्या सरावाची खरी मिळकत होती.

आरक्षणाचा विषय याच्या कितीतरी पुढचा आहे आणि त्याबद्दल मी मुद्दाम सावधपणे लिहितो. आपल्याकडे आडनाव वाचले की जात कळते, निदान कळल्यासारखे वाटते, आणि मग संदेश वाचण्याआधीच त्याचा अर्थ ठरलेला असतो. ‘५० टक्क्यांची मर्यादा ओलांडणे कठीण आहे’ हे एकच वाक्य दोन वेगळ्या आडनावांखाली दोन वेगळी विधाने म्हणून वाचले जाते. यावर एक उपाय मला उपयोगी पडला आहे : अशा विषयावर सुरुवातीची टिपणे सदस्यांनी अ‍ॅडमिनला खासगी पाठवावीत, अ‍ॅडमिनने ती नावाशिवाय, क्रमांक देऊन गटात ठेवावीत आणि पहिले दोन दिवस चर्चा क्रमांकांवरच व्हावी. ‘टिपण ३ मधला दुसरा मुद्दा मला पटत नाही’ असे लिहिताना माणूस मुद्दा पुन्हा वाचतो. टिपण ३ आपल्याच माणसाचे निघाले तर काय, अशी भीतीही असते. ती भीती चर्चेच्या फार कामाची आहे.

दुसरे असे की ‘मराठा आरक्षण’ हा एक प्रश्न नाही, त्यात पाच-सहा प्रश्न आहेत आणि त्यातले निम्मे कागद वाचून सुटतात. २०१८ च्या कायद्याने १६ टक्के दिले, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले, सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी तो कायदा रद्द केला : कोणत्या कारणांवरून? त्यातले राज्याच्या अधिकाराचे कारण त्याच वर्षीच्या १०५ व्या घटनादुरुस्तीने दूर झाले का, आणि ५० टक्क्यांचे कारण उरले का? फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यातले १० टक्के आणि कुणबी प्रमाणपत्रातून मिळणारे इतर मागासवर्गाचे आरक्षण हे दोन वेगळे मार्ग आहेत, त्यांचा परिणाम वेगवेगळ्या लोकांवर होतो. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात निजामकालीन हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेतला आहे, तो नेमका कशासाठी, त्यात अर्ज कोणी करायचा, चौकशी कोणी करायची? हे प्रश्न वकील सदस्याने मूळ निर्णय वाचून मांडावेत, आणि वकील सदस्य दोन्ही बाजूंचे असावेत. न्याय्य काय, हा प्रश्न सर्वांत शेवटी. तिथे एकमत होणार नाही आणि ते व्हावे अशी अपेक्षाही ठेवू नये. माझ्या निरीक्षणात, मराठा आंदोलनाचे केंद्र ठरलेल्या अंतरवाली सराटीचे नाव निघाले की तापणारी माणसेही शासन निर्णयाच्या परिच्छेदावर बोलताना शांत असतात. मजकूर समोर असला की आवाज खाली येतो.

निवडणुकीच्या विश्लेषणाबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण तिथे धोका भांडणाचा कमी आणि सोप्या उत्तराचा जास्त आहे. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, ती औरंगाबादची. पाच-सहा महिन्यांनी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या ४६ पैकी बहुतांश जागा त्याच महायुतीने जिंकल्या. जूनमध्ये प्रत्येक गटात कारण तयार होते आणि नोव्हेंबरमध्येही होते, फक्त दोन्ही वेळा वेगळे होते, आणि सांगणारे बहुधा तेच होते. म्हणून गटात मी एक पथ्य पाळायला लावतो : जूनच्या निकालाचे जे कारण तुम्ही द्याल, ते नोव्हेंबरमध्ये कुठे गेले हेही त्याच संदेशात लिहा. मराठा समाजाची नाराजी हे जूनचे कारण असेल तर नोव्हेंबरमध्ये ती ओसरली, की तिच्या विरोधात दुसरीकडे मते एकवटली, की लाडक्या बहिणीच्या दरमहा दीड हजारांनी वेगळे मतदार बाहेर काढले? यातले प्रत्येक उत्तर मतदानाच्या टक्केवारीत, गावनिहाय आकड्यांत काहीतरी वेगळे दाखवील. निवडणूक आयोगाकडून मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतात. आपल्या तालुक्यातल्या वीस केंद्रांचे लोकसभेचे आणि विधानसभेचे आकडे शेजारी मांडून पाहिले तर ‘अमुक समाजाने एकगठ्ठा मतदान केले’ यासारखी वाक्ये निम्मी तरी गळून पडतात.

अंदाज मात्र निकालाआधी लिहून घ्यावेत, निकालानंतर प्रत्येकाला आपण बरोबर होतो असे आठवते. ते अ‍ॅडमिनकडे जमा करावेत आणि मतमोजणीनंतर एकदम उघडावेत. मतदान संपण्याआधीचे शेवटचे ४८ तास गट ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ या सेटिंगवर ठेवावा. त्या काळात प्रचाराच्या मजकुरावर कायद्याची बंधने आहेत, आणि त्या दोन दिवसांत विश्लेषण करणारा एकही माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

ग्रामपंचायत, बाजार समिती, साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांच्या निवडणुकांवर गटात खुली चर्चा ठेवू नये असे माझे मत आहे, आणि अनेकांना ते भित्रेपणाचे वाटते. कारण असे : विधानसभेबद्दल कोणी काही लिहिले तर फार तर मैत्री तुटते. कारखान्याबद्दल लिहिले तर उसाची तोड लांबते, सोसायटीबद्दल लिहिले तर पीककर्जाच्या नूतनीकरणात अडचण येते, अशी लोकांची धारणा असते, आणि ती नेहमीच चुकीची नसते. गटातला संदेश स्क्रीनशॉट होऊन अर्ध्या तासात संबंधित साहेबांच्या स्वीय सहायकाच्या मोबाइलवर पोचतो. ज्यांना याची झळ बसू शकते ते गप्प बसतात आणि ज्यांना बसू शकत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे पगारी किंवा आशावादी कार्यकर्ते, तेच बोलतात. त्या बोलण्याला चर्चा म्हणणे स्वतःची फसवणूक आहे. या संस्थांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण, दिलेला ऊसदर यांवर निवडणूक नसताना वाचन ठेवता येते. गप्प असलेला सदस्य नेहमी उदासीन नसतो, हे अ‍ॅडमिनने लक्षात ठेवावे. महिला सदस्यांच्या बाबतीत तर हे फार जाणवते. रात्री दहानंतरचे संदेश आणि खासगी नंबरवर येणारी ‘समजावणी’ बंद झाली की त्या लिहू लागतात. त्यासाठी वेगळे आवाहन करावे लागत नाही.

इतिहासाबद्दल एकच सांगतो. रझाकारांचे अत्याचार आणि १९४८ मध्ये निजामाच्या राज्यावर झालेल्या पोलीस कारवाईनंतरचे दिवस यांच्या आठवणी मराठवाड्यात अजून घराघरांत आहेत, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या. तिथे विश्लेषणाची घाई करू नये. आधी ज्याला सांगायचे आहे त्याला आपल्या घरचे सांगू द्यावे, त्यावर उलटतपासणी नको. शहरांच्या नावांचा वाद त्या मानाने गौण आहे. गटात ज्याला जे नाव वापरायचे ते वापरू द्यावे, एवढ्याने भागते.

आता अ‍ॅडमिनचे रोजचे काम. नेत्यांचा उल्लेख नावाने किंवा पदाने व्हावा; हिणवणारी टोपणनावे जशी नकोत तसे ‘साहेब’, ‘दादा’, ‘भाऊ’, ‘ताई’ हेही नको. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण ‘साहेबांनी निधी आणला’ या वाक्याऐवजी आमदारांचे नाव घालून लिहायला लावले की ‘कोणत्या योजनेतून’ हा पुढचा प्रश्न सहज सुचतो. आलेला मजकूर पुढे ढकलायचा असेल तर वर स्वतःची दोन वाक्ये असावीत : हे मला खरे का वाटते, आणि यावर गटाला काय विचारायचे आहे. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेला मजकूर या अटीवरही घेऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. यंत्रणेने आणलेली ती मर्यादा पुरेशी नाही. गटाची स्वतःची असावी लागते.

चर्चा एका वेळी एकच चालावी. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरे एकामागून एक खाली घसरत जातात, तेव्हा दोन विषय एकत्र आले की दोन्ही मरतात. उत्तर देताना मूळ संदेश निवडूनच द्यावे. चर्चा तापली तर समज गटात देऊ नये, खासगीत फोन करावा; आपल्याकडे चारचौघांत सुनावलेले माणूस विसरत नाही आणि मग तो मुद्द्यासाठी नाही, अब्रूसाठी भांडतो. व्यक्तीची जात, धर्म, घरचे लोक यांवर गेलेला संदेश मात्र त्याच क्षणी सर्वांसाठी हटवावा, तिथे फोनची वाट पाहू नये. रोज संध्याकाळी, मतभेद कोणत्या मुद्द्यावर उरला आहे एवढे सांगणारा चार ओळींचा सारांश अ‍ॅडमिनने लिहावा, आणि तो दोन्ही बाजूंच्या एकेकाला आधी दाखवावा.

कायद्याबद्दल अ‍ॅडमिनना विनाकारण भीती असते. सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, त्यात अ‍ॅडमिनचा सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. याचा अर्थ काहीही चालते असा नाही : समाजगटांत वैर वाढवणारा किंवा अफवा पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली येऊ शकतो, आणि तो लिहिणारा त्याला जबाबदार असतो. सरकारवर, आमदारांवर, पक्षावर कठोर टीका त्यात मोडत नाही. टीका हटवण्यासाठी कोणी कायद्याचा धाक दाखवला तर कलम विचारावे.

हे सगळे एकट्याने होणार नाही. सध्या आपल्या गटात तीन अ‍ॅडमिन असल्याचे आपण लिहिले आहे आणि तिघेही एकाच शाळेचे माजी विद्यार्थी, एकाच गल्लीचे आहेत. त्यातले दोन बदलावेत. एक असा घ्यावा जो आपल्या विरोधी पक्षाला उघडपणे मानतो आणि तरीही ज्याच्याकडे आपण मुलीच्या लग्नाची जबाबदारी देऊ शकतो. आणि दुसरी शक्यतो एखादी शिक्षिका किंवा बचत गटाची सचिव, जिला हिशोब लिहिण्याची सवय आहे. कोणताही संदेश हटवायचा तर तिघांपैकी दोघांची संमती लागेल, व्यक्तीची जात, धर्म, घरचे लोक यांवर गेलेला मजकूर सोडून, हे पहिल्याच दिवशी गटात जाहीर करावे. गट सोडून गेलेल्या माणसांना निमंत्रण हा विरोधी मताचा अ‍ॅडमिन देईल, आपण देऊ नये. तो तयार होत नसेल तर आधी त्याच्याशी बसून नियम त्याच्या सोयीने बदलावेत, आणि बंदी तोपर्यंत तशीच राहू द्यावी.